पाण्याचे तापमान, भूक आणि वाढ : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत गोड्या पाण्यातील लहान प्राण्यांविषयी जी पत्रे आली, त्यांपैकी बहुतेकांचा रोख अखेर एकाच गोष्टीकडे वळतो : पाणी गार किंवा गरम झाले की हे प्राणी किती खातात आणि कसे वाढतात. म्हणून या वेळी ती पत्रे एकत्र घेतली आहेत. मूळ तत्त्व पहिल्या उत्तरात सविस्तर आले असल्याने ते उत्तर लांबले आहे. पुढील उत्तरे त्याच्या आधाराने वाचावीत. तापमान सर्वत्र सेल्सिअस अंशांत दिले आहे.

प्रश्न : गप्पी आणि फायटर माशांच्या पिल्लांना जिवंत खाद्य मिळावे म्हणून मी गच्चीवर चाळीस लिटरच्या दोन काळ्या टबांत डॅफ्निया आणि मॉइना (पाण्यातील बारीक कवचधारी प्राणी) वाढवतो. त्यांना हिरवे पाणी (सूक्ष्म शैवालाने हिरवे झालेले) आणि थोडे यीस्ट देतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पाण्याचे तापमान १३ अंशांपर्यंत उतरते, तेव्हा त्यांची वाढ जवळजवळ थांबते आणि घातलेले यीस्ट तळाशी बसून कुजते. एप्रिलमध्ये दुपारी पाणी ३६ अंशांवर जाते, आणि आदल्या दिवशी गजबजलेला टब दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामा दिसतो. हिवाळ्यात हीटर लावावा का, आणि उन्हाळ्यात खाद्य वाढवावे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : डॅफ्निया, मॉइना, गोगलगायी, कोळंबी किंवा माशांची पिल्ले यांना स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही, भोवतालचे पाणी जितके गार किंवा गरम, तितकेच त्यांचे शरीर. शरीरातील रासायनिक क्रियांचा वेग त्या तापमानावर ठरतो, आणि सर्वसाधारण हिशेब असा आहे की प्राण्याला मानवणाऱ्या मर्यादेत तापमान १० अंशांनी वाढले की हा वेग दुप्पट ते तिप्पट होतो. आपल्या टबात १३ अंशांना जे काम व्हायला दोन दिवस लागतात, ते २३ अंशांना एका दिवसात किंवा त्याहूनही लवकर उरकते. एवढ्यावरून ‘पाणी गरम तेवढी वाढ जास्त’ असे समजण्याचा मोह होतो आणि हौशी मंडळींचे नुकसान तिथेच होते, कारण खाणे, पचवणे, जगण्यापुरती ऊर्जा खर्च करणे आणि वाढणे ही कामे तापमानाबरोबर सारख्या प्रमाणात चढत नाहीत.

आधी खाण्याचे पाहू. थेंबभर पाण्यासह एक डॅफ्निया काचपट्टीवर घेऊन शाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर पारदर्शक कवचाआड पायांच्या जोड्या अखंड हलताना दिसतात. या पायांवरील बारीक केसांची जाळी पाण्यातील शैवालाच्या पेशी आणि यीस्टचे कण गाळून तोंडाकडे नेते. पाठीच्या बाजूला, डोक्याच्या थोडे मागे, हृदय धडधडत असते. आणि हिरवे पाणी दिलेले असेल तर शरीरातून वळत गेलेले आतडे गडद हिरवे दिसते. पाणी उबदार असेल तर पायांची आणि हृदयाची, दोन्हींची गती वाढलेली असते, आणि आतड्यातील अन्न साधारण अर्ध्या-पाऊण तासात पुढे सरकून त्याची जागा नवे अन्न घेते. गार पाण्यात त्याच कामाला कितीतरी अधिक वेळ लागतो. त्यात आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. गार पाणी वाहायलाही जड असते : १० अंशांच्या पाण्याचा प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध ३० अंशांच्या पाण्याच्या सुमारे १.६ पट असतो. माणसाला हा फरक जाणवत नाही, पण ज्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या प्राण्याला आपल्या केसांच्या जाळीतून ते पाणी रेटायचे असते, त्याला तो पुरेपूर जाणवतो. थंडीत भूक मंदावते आणि त्याच वेळी अन्न गोळा करणेही कष्टाचे होते, ते असे. आपले यीस्ट तळाशी बसते याचे कारण एवढेच की त्याला खाणारे त्या वेगाने खात नाहीत.

आता वाढीचे. वाढीचा हिशेब घरच्या जमाखर्चासारखा मांडता येतो. खाल्लेल्यातून न पचलेला भाग वजा करावा, मग श्वसन, हालचाल आणि शरीराची डागडुजी हा रोजचा खर्च वजा करावा, आणि जे उरेल ती वाढ व अंडी. तापमान चढू लागते तेव्हा सुरुवातीला खर्चापेक्षा जमा वेगाने वाढते, म्हणून शिल्लकही वाढते. पुढे एका टप्प्यावर खाण्याचा वेग आणखी वाढेनासा होतो, कारण गाळण्याची आणि पचवण्याची क्षमता संपलेली असते; खर्च मात्र चढतच राहतो. म्हणून सर्वाधिक वाढ ज्या तापमानाला होते ते सर्वाधिक खाण्याच्या तापमानापेक्षा थोडे खालचेच असते, आणि त्याही वर गेले की खाणे हळूहळू कमी न होता एकाएकी कोसळते. काही अंशांचा फरक हिवाळ्यात फक्त वाढ लांबवतो, तर उन्हाळ्यात तेवढाच फरक संपूर्ण टब मारतो, याचे मूळ या असमान चढ-उतारात आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे हे ‘सर्वोत्तम’ तापमान ठाम नसते. अन्नाच्या प्रमाणानुसार ते सरकते. कॅनडात जे. आर. ब्रेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सॉकाय सॅमन माशांच्या बोटुकलीला (बोटभर लांबीच्या पिल्लांना) वेगवेगळ्या तापमानांना वेगवेगळा आहार दिला होता. पोटभर खायला मिळाले तेव्हा त्यांची सर्वाधिक वाढ सुमारे १५ अंशांना झाली. आहार रोज शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्यावर आणला, तेव्हा सर्वाधिक वाढीचे तापमान सुमारे ५ अंशांपर्यंत उतरले. तो थंड प्रदेशातील मासा आहे, त्यामुळे हे आकडे आपल्या टबाला लावता येणार नाहीत. तत्त्व मात्र डॅफ्नियापासून रोहूपर्यंत लागू पडते : अन्न तुटपुंजे असताना पाणी तापवले, तर प्राणी वाढण्याऐवजी लवकर उपाशी मरतो.

आपल्या हीटरच्या प्रश्नाचे उत्तर यातूनच मिळते. पाणी २२ ते २४ अंशांवर नेले तर मॉइना पुन्हा वाढू लागेल, परंतु तेव्हा हिरवे पाणीही त्याच प्रमाणात लागेल, आणि हिवाळ्यात तेही सावकाशच तयार होते. शिवाय उघड्या गच्चीवर रात्रभर चाळीस लिटर पाणी तापवत ठेवणे म्हणजे विजेचे बिल आकाशात सोडणे. टब घरात खिडकीपाशी आणावा. ते शक्य नसेल तर थर्माकोलवर ठेवून रात्री झाकावा. त्यापेक्षा बरा मार्ग, माझ्या मते, प्राणीच ऋतूप्रमाणे बदलण्याचा आहे. मॉइनाला २४ ते ३१ अंशांचे पाणी मानवते. सुमारे २६ अंशांना नुकतेच जन्मलेले पिल्लू चार-पाच दिवसांत स्वतः पिल्ले देऊ लागते. डॅफ्नियाच्या बहुतेक जाती १८ ते २५ अंशांत सुखाने राहतात. दोन्ही प्राणी दोन्ही ऋतूंत सारख्याच संख्येने हवेत हा हट्ट सोडला, तर हिवाळ्यात डॅफ्निया आणि उन्हाळ्यात मॉइना आपणहून साथ देतील. हिवाळ्यात यीस्ट निम्म्यावर आणावे, ते सकाळी न देता पाणी तापल्यावर दुपारी द्यावे, आणि आधी दिलेल्या यीस्टचा गढूळपणा पूर्ण निवळल्याखेरीज पुढचे देऊ नये.

उन्हाळ्यातील नाशाला एकच कारण शोधू नये. तिथे तीन-चार गोष्टी एका रात्रीत एकत्र येतात. समुद्रसपाटीला १५ अंशांच्या गोड्या पाण्यात हवेतील प्राणवायू लिटरला सुमारे १०.१ मिलिग्रॅम विरघळू शकतो, ३५ अंशांना तो जेमतेम ७ मिलिग्रॅम राहतो; नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने तिथे दोन्ही आकडे आणखी काही टक्क्यांनी कमी धरावेत. इकडे पुरवठा घटतो आणि तिकडे प्राण्याची प्राणवायूची गरज चौपट किंवा त्याहून अधिक झालेली असते. हिरवे पाणी दिवसा प्राणवायू बनवते, पण रात्री तेही प्राणवायू वापरते, म्हणून पहाटेच्या आधी त्याची सर्वाधिक टंचाई असते. टब दुपारी गजबजलेला आणि सकाळी रिकामा दिसतो तो यामुळे. विष्ठेतून आणि कुजणाऱ्या यीस्टमधून निघणाऱ्या अमोनियाचेही तसेच. पाण्याचा सामू (आम्लता-अल्कता दाखवणारा pH) ८ असेल, तर एकूण अमोनियापैकी विषारी स्वरूपातील भाग २० अंशांना सुमारे ३.८ टक्के असतो, तो ३० अंशांना सुमारे ७.५ टक्के होतो, आणि भर उन्हात हिरव्या पाण्याचा सामू ८ च्याही वर चढतो. अशा टबात प्राणी भुकेले दिसतात म्हणून खाद्य वाढवले, की कुजण्याला खतपाणी मिळते.

म्हणून उन्हाळ्यात खाद्य थोडे-थोडे आणि अनेकदा द्यावे, आणि दर दोन दिवसांनी टबातील निदान तिसरा हिस्सा प्राणी गाळून माशांना घालावेत, जेणेकरून गर्दीच होणार नाही. काळ्या टबांच्या जागी पांढरे किंवा फिके टब घ्यावेत, वर शेडनेट बांधावे, भोवती ओले गोणपाट गुंडाळावे. हवेचा दगड (पंपाची हवा बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा) वापरायचा असेल तर बुडबुडे मोठे येतील असा पाहावा. बारीक बुडबुडे डॅफ्नियाच्या कवचाखाली अडकतात आणि ती पृष्ठभागावर तरंगत राहून मरते. एक सूचना वेळेवर मिळते, ती मात्र चुकवू नये. प्राणवायू सतत कमी पडू लागला की डॅफ्निया शरीरात हिमोग्लोबिन वाढवते आणि एरवी फिकट दिसणारी ती गुलाबी-लालसर होते. पांढऱ्या बशीत घेतलेले प्राणी लाल दिसले, तर त्याच दिवशी गर्दी कमी करावी आणि थोडे पाणी बदलावे.

प्रश्न : सांगोला तालुक्यात माझे प्लास्टिक अस्तराचे शेततळे आहे. ऑगस्टमध्ये रोहू, कटला आणि मृगळ यांची बोटुकली सोडली. दिवाळीपर्यंत मासे खाद्यावर तुटून पडत होते. आता जानेवारीत तरंगते खाद्य तासभर तसेच राहते. मासा सरासरी शंभर ग्रॅमचा झाला आहे. खाद्य विकणारे म्हणतात की वजनाच्या पाच टक्के खाद्य चालूच ठेवा, नाहीतर वाढ खुंटेल. काय करावे? — एक शेतकरी वाचक, जिल्हा सोलापूर

उत्तर : खाद्य कमी करावे, आणि तेही आजपासून. वाढ खुंटली आहे ती पाणी गार झाल्यामुळे. खाद्य ओतून ती परत येणार नाही. हे तिन्ही मासे उष्ण प्रदेशातील नद्यांचे. २५ ते ३२ अंशांच्या पाण्यात ते उत्तम खातात, २० अंशांच्या खाली त्यांची भूक स्पष्टपणे ओसरते आणि १५ अंशांच्या आसपास ती जवळजवळ संपते. पाच टक्क्यांचे प्रमाण उबदार पाण्यातील लहान बोटुकलीसाठी आहे. शंभर ग्रॅमच्या माशाला पाणी चांगले उबदार असतानाही साधारण दोन ते तीन टक्के पुरतात. आपल्याकडे एक हजार मासे आहेत असे धरले, तर एकूण वजन शंभर किलो, आणि दोन टक्क्यांनी दिवसाचे खाद्य दोन किलो होते. पाणी १८ अंशांवर असेल तर एक किलोपासून सुरुवात करावी, आणि पंधरा-वीस मिनिटांत संपेल तेवढ्यावरच थांबावे. ढगाळ आणि कडाक्याच्या थंडीच्या दिवशी खाद्य अजिबात दिले नाही तरी माशांचे काही बिघडत नाही, कारण त्यांचा जगण्याचा खर्चही तेव्हा अगदी कमी झालेला असतो.

वेळही बदलावी. हिवाळ्यात दुपारी दोन ते चारच्या दरम्यान वरचे पाणी दिवसातील सर्वांत उबदार असते, म्हणून खाद्य त्या वेळी एकदाच द्यावे. उन्हाळ्यात मात्र उलट काळजी घ्यावी लागते : सूर्य चांगला वर येऊन पाण्यात प्राणवायू वाढल्यावरच खाद्य द्यावे, कारण मासा खाल्ल्यानंतर पचनासाठी नेहमीपेक्षा अधिक प्राणवायू वापरतो आणि पहाटे तो पाण्यात सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील, तर ती भूक समजून खाद्य टाकणारे अनेक जण आढळतात. ती गुदमर असते. तेव्हा खाद्य थांबवून पंप सुरू करावा.

न खाल्लेल्या खाद्याची किंमत केवळ पोत्याच्या दरात मोजू नये. ते तळाला जाते, थंडीत सावकाश कुजते आणि साचत राहते; फेब्रुवारीअखेर पाणी तापू लागले की साचलेले सगळे एकदमच कुजू लागते, आणि प्राणवायू कमी व अमोनिया जास्त ही जोडी नेमकी माशांची भूक परत येण्याच्या वेळी उभी राहते. मातीच्या तळ्यात अशा कुजणाऱ्या खाद्याचा काही भाग तळाची माती आणि त्यातील जीव पचवतात. प्लास्टिकवर ती सोय नाही. त्याच कारणाने आपल्या तळ्यात नैसर्गिक खाद्यही कमी असते. कटला आयुष्यभर मुख्यतः डॅफ्निया-मॉइनासारखे सूक्ष्म प्राणी खातो, आणि गार पाण्यात त्यांचीही पैदास मंदावलेली असते, म्हणजे थंडीचा फटका त्याला दोनदा बसतो. मार्चमध्ये पाणी २५ अंशांच्या पुढे टिकू लागले की खाद्य टप्प्याटप्प्याने, आठवड्याला थोडे अशा बेताने, वाढवत न्यावे. थंडीत अर्धपोटी राहिलेले निरोगी मासे ऊब परत आल्यावर जोमाने वाढतात, हा अनेक जातींत आढळलेला अनुभव आहे.

प्रश्न : प्रकल्पासाठी आम्ही एकाच मादीची डॅफ्निया पिल्ले दोन तापमानांना वाढवली. १८ अंशांतील पिल्लांना प्रौढ व्हायला जास्त दिवस लागले, पण ती २६ अंशांतील पिल्लांपेक्षा मोठी झाली. उबेत वाढ वेगाने होते, तर मग ती लहान का राहिली? — पदवी वर्गातील एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे, आणि त्यात विसंगती नाही. वाढीचा वेग ही एक गोष्ट आणि वाढ कुठे थांबते ही दुसरी. उबदार पाण्यात शरीर वेगाने वाढते खरे, पण प्रौढ होण्याची प्रक्रिया त्याहूनही वेगाने पुढे सरकते, म्हणून प्राणी लहान आकारातच अंडी धरू लागतो. डेव्हिड ॲटकिन्सन यांनी १९९४ मध्ये बाह्य उष्णतेवर अवलंबून असणाऱ्या जीवांवरील प्रकाशित प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा पाचांपैकी चारांहून अधिक प्रकरणांत गार वातावरणात वाढलेले जीव सावकाश वाढून अखेर मोठे झालेले आढळले. असे का व्हावे याची स्पष्टीकरणे एकाहून अधिक आहेत. काही संशोधक पेशी वाढण्याचा वेग आणि त्या विभागून वेगवेगळी कामे घेण्याचा वेग यांतील तफावतीवर भर देतात. तर काहींच्या मते उबदार पाण्यात मोठ्या शरीराला प्राणवायू पुरवणे अवघड जाते, म्हणून लहान राहणे सोयीचे ठरते. पाण्यातील प्राण्यांत हा परिणाम जमिनीवरील प्राण्यांपेक्षा ठळक दिसतो, हे दुसऱ्या मताच्या बाजूने जाते. वाद मिटलेला नाही.

आयुर्मानाचेही असेच आहे. मॅकआर्थर आणि बेली यांच्या १९२९ मधील प्रयोगांत डॅफ्निया मॅग्ना ८ अंशांना सरासरी सुमारे १०८ दिवस, १८ अंशांना सुमारे ४२ दिवस आणि २८ अंशांना सुमारे २६ दिवस जगली.

प्रकल्प लिहिताना मात्र एका त्रुटीची दखल घ्यावी, कारण परीक्षक हमखास तीच विचारतील. दोन्ही बरण्यांत सारखेच हिरवे पाणी घातले असेल, तर उबदार बरणीतील अन्न लवकर संपले असणार. मग तिथली पिल्ले लहान राहिली ती तापमानामुळे की उपासमारीमुळे, हे सांगता येणार नाही. उबदार बरणीतील पाण्याचा हिरवा रंग गार बरणीइतकाच राहील अशा बेताने अन्न पुन्हा-पुन्हा घालावे आणि बरणीतील पिल्लांची संख्या सारखी ठेवावी. लांबी डोक्याच्या टोकापासून शेपटीच्या काट्याच्या बुडापर्यंत मोजावी, काटा धरू नये, कारण काट्याची लांबी इतर कारणांनीही बदलते. आणि तुलना ‘दहाव्या दिवशी’ अशी न करता ‘पहिली अंडी दिसली तेव्हा’ अशी करावी. वेगवेगळ्या तापमानांतील दहावा दिवस म्हणजे वयाचा एकच टप्पा नव्हे.

प्रश्न : डासांच्या अळ्यांसाठी ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस’ पाळा असे महापालिका सांगते. आठवडाच का? आणि हिवाळ्यात तो पाळला नाही तर चालेल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आठवडा हा अळीच्या वाढीच्या वेगावरून ठरलेला आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास अंड्यातून बाहेर पडल्यापासून उडण्याजोगा होईपर्यंत, भरपूर अन्न असलेल्या ३० अंशांच्या पाण्यात, साधारण एक आठवडा घेतो. २० अंशांना त्याला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागतो. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी केली, तर उबदार दिवसांतही बहुतेक अळ्या पंख फुटण्याआधीच संपतात. ठाण्यातील हिवाळा इतका सौम्य असतो की पाणी क्वचितच २० अंशांच्या फार खाली राहते, म्हणून सवलत घेऊ नये. भांडे नुसते ओतून पुरत नाही. ते आतून घासावे. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी पडून महिनोन्महिने जिवंत राहतात आणि पाणी पुन्हा भरले की उबतात. फ्रिजमागचा ट्रे मात्र बाराही महिने उबदार असतो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : आमच्या गावच्या जांभ्याच्या सड्यावर पावसाळ्यात उथळ डबकी भरतात आणि थोड्याच दिवसांत त्यांत बोटाच्या पेरापेक्षा लहान, पारदर्शक, पाठीवर उलटे पोहणारे प्राणी दिसतात. उन्हात ते पाणी हाताला कोमट लागते आणि पावसाच्या सरीनंतर एकदम गार होते. एवढ्या चढ-उतारात ते कसे तगतात? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : उलटे पोहण्याच्या वर्णनावरून ते फेअरी श्रिम्प या, कोळंबीसारख्या दिसणाऱ्या लहान प्राण्यांच्या गटातील असावेत. सह्याद्रीतील अशाच तात्पुरत्या डबक्यांतून स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रीएन्सिस या जातीचे वर्णन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. त्यांची अंडी उन्हाळाभर सुक्या गाळात, खडकाच्या तापलेल्या खळग्यांत पडून राहतात आणि पाणी मिळाल्यावर उबतात. पुढे त्यांची शर्यत डबके आटण्याशी असते, म्हणून ते अतिशय वेगाने वाढून काही आठवड्यांत अंडी टाकतात. इथे दुपारचे कोमट पाणी त्यांच्या फायद्याचे ठरते. त्यांच्या पायांच्या अकरा जोड्या पोहणे, अन्न गाळणे आणि श्वसन ही तिन्ही कामे एकाच हालचालीत करतात. पाणी तापले की पाय वेगाने चालतात आणि अन्न व प्राणवायू दोन्ही अधिक मिळतात. डबके उथळ असल्याने वाऱ्याने आणि सरींनी त्यात प्राणवायू पुन्हा-पुन्हा मिसळतो, त्यामुळे नाशिकच्या टबासारखी गत तिथे सहसा होत नाही. घरी बादलीत आणून ठेवलेले प्राणी मात्र बहुधा लवकर मरतात. त्यांना तिथेच पाहावे, आणि डबक्यातून चालू नये. गाळातील अंडी पायाखाली चिरडतात.

प्रश्न : टाकीसाठी कोणता थर्मामीटर घ्यावा? माझ्याकडचे दोन वेगवेगळे आकडे दाखवतात. — एक वाचक, नागपूर

उत्तर : काचेवर बाहेरून चिकटवायची पट्टी घेऊ नये, ती खोलीच्या हवेचाही परिणाम दाखवते. पाण्यात बुडणारा काचेचा किंवा वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल, दोन्ही चालतात. कोणता खरा हे घरीच ठरवता येते : बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी पेल्यात ढवळून पाच मिनिटे ठेवावे, त्यात दोन्ही बुडवावेत, आणि जो शून्यापासून जितका दूर असेल तितकी त्याची चूक चिठ्ठी लावून नोंदवावी. नागपूरच्या मे महिन्यात दिवसाची सरासरी काढून उपयोग नाही, कारण प्राणी सरासरीने मरत नाहीत. सूर्योदयापूर्वीचे आणि दुपारी तीनचे, असे दोन आकडे रोज लिहावेत, आणि मोजताना सेन्सर हीटरपासून व हवेच्या दगडापासून लांब, पाण्याच्या मधल्या उंचीवर धरावा.